गुलाबकाका उतरले नाहीत

आधीच सांगते, आमच्या घरात भूतप्रेत मानत नाहीत. आमचे बाबा रेल्वेत होते, आणि अंगात येणाऱ्या बायांना ते तोंडावर हसायचे. त्यांच्याच मुलासोबत, माझ्या सख्ख्या मोठ्या भावासोबत, हे झालं आहे. ज्याला खोटं वाटतं त्याने खुशाल पुढे वाचू नये.

यंदाच्या जानेवारीतला दुसरा मंगळवार. दुपारचे पावणेबारा. रायपूर शहराबाहेरचं एक लग्नाचं लॉन.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. चांगलं लख्ख ऊन होतं.

प्रफुल्लदादा त्या लॉनवर देखरेखीला आहे. त्या दिवशी गवत कापायची नवी मशीन आली होती. नवी म्हणजे नावाला नवी. नागपूरच्या कुठल्याशा हॉटेलात सहा वर्षं वापरलेली. झिरो-टर्न म्हणतात तिला. तिला स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात, आणि ती जागच्या जागी गर्रकन वळते.

तिच्या सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला, की इंजिन आपोआप बंद होतं. जिवाला धोका नको म्हणून तशी सोयच केलेली असते.

विकी मेकॅनिकने मशीन चालवून दाखवली. तो उठला. मशीन बंद.

मग दादा बसला. एक चक्कर मारली आणि खाली उतरला.

आता शांतता व्हायला हवी होती...

झाली नाही.

पाती फिरतच राहिली. दादाने सीटकडे पाहिलं.

गादी खाली दबलेली होती.

विकीने घाईघाईने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. सीट उलटवली, मीटर लावून पाहिलं.

"भैया, तार-वार कुछ नहीं है. स्विच एकदम सही है." मग डोकं खाजवत म्हणाला, "इसको लग रहा है, कोई बैठा है."

तार म्हटल्याबरोबर दादा दोन पावलं मागे सरला.

कारण तार त्याने स्वतः लावली होती. मागच्या वर्षी. जुन्या मशीनला.

ती मशीन तेरा वर्षांची झाली होती. जरा खड्डा लागला की सीटखालचा स्विच दगा द्यायचा आणि इंजिन बंद पडायचं. संध्याकाळी लग्न होतं, अर्धं लॉन कापायचं बाकी होतं. दादाने तारेचा एक तुकडा घेतला आणि स्विच कायमचा जोडून टाकला. आता कोणी उठलं तरी मशीन बंद होणार नव्हती.

हे गुलाबकाकांना सांगायचं राहिलं.

गुलाबकाका तिथले माळी. मशीन तेच चालवायचे. मांडवातून सुटलेली झेंडूची माळ पात्यांपुढे आली, म्हणून ते नेहमीसारखे उतरले. उठलो की मशीन बंद होते, या भरवशावर. उतरता उतरताच ओल्या उतारावर त्यांचा पाय घसरला आणि थेट पात्यांखाली गेला.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत ते गेले होते.

लोक काकांना उचलत होते, तेव्हा दादाने ती तार काढून खिशात घातली. माझा भाऊ आहे, तरी लिहिते आहे.

चौकशी झाली. मशीन तर उठलं की बंद होत होती. मग म्हाताऱ्यानेच काहीतरी उचापत केली असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. प्यायला असेल, असंही कोणी म्हणालं. दादा तिथेच उभा होता. तोंडातून शब्द काढला नाही. पुढे ती मशीन भंगारात गेली.

आणि आता ही दुसरी. दुसरं कोणी उतरलं की गुपचूप बंद व्हायची. दादा उतरला की चालूच...

त्या आठवड्यात दादाला घास गिळवेना. रविवारी तो अंजनाबाईंकडे गेला. त्या गुलाबकाकांच्या बायको. त्यांना त्याने सगळं सांगून टाकलं.

घरात काकांचा फोटो होता. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

"वर्षभर मेणबत्ती नाही लावली म्या त्याइच्यापुढं," अंजनाबाई म्हणाल्या. "दारू पिऊन मेले म्हणून शिव्या देल्या. आता त्या शिव्या मी कुठी नेऊ?"

मग दादाने नव्या मशीनचंही सांगितलं, तो उतरला तरी ती बंद होत नाही म्हणून.

"मले ते मशीन दाखव." आजवर त्या त्याला साहेब म्हणायच्या.

दुपारीच दोघं लॉनवर गेले. दादा बसला, पाती सुरू केली आणि उतरला. मशीन चालूच राहिली.

अंजनाबाई जवळ गेल्या. रिकाम्या सीटकडे पाहून त्यांनी पदर सावरला.

"उतरा आता," त्या हळूच म्हणाल्या. "म्या ऐकलं सारं. माहं चुकलं."

क्षणभर काहीच झालं नाही...

मग गादी वर आली. सावकाश. आणि इंजिन बंद पडलं.

दादाला हुंदका फुटला. सुटलो, असं वाटलं त्याला.

"तू काहून रडून राहिला?" अंजनाबाई म्हणाल्या. "माह्यापुढं बोलला, तसं ठाण्यात बोल. त्याइचं नाव साफ कर. सोमवारी मी ठाण्याच्या गेटपाशी उभी राहतो."

दादा हो म्हणाला.

सोमवारी तो गेला नाही. ताप आहे म्हणाला. मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. पुढच्या सोमवारी लॉनवर काम निघालं. नोकरी जाईल, केस होईल, पोरीचं दहावीचं वर्ष आहे. त्याची भीती खोटी नाही, मला कळते. पण अंजनाबाई दोन्ही सोमवारी गेटपाशी उभ्या होत्या, तेही मला कळलं.

मशीन आता शहाण्यासारखी चालते. दादा उतरला तरी बंद होते.

तिसऱ्या सोमवारी दादा स्कूटरवर निघाला खरा. पंडरीच्या बाजारापर्यंत गेला आणि त्याचा धीर सुटला. त्याने स्कूटर मागे वळवली. तेवढ्यात ती जड चालायला लागली... मागचं चाक दबल्यासारखं. त्याला वाटलं, हवा गेली.

पंक्चरच्या दुकानासमोर थांबून तो उतरला. दुकानदाराने चाक पाहिलं. मग वर सीटकडे पाहिलं.

"भैया, अंकल को भी उतार दीजिए. हवा भरनी है."

दादा घरून एकटाच निघाला होता.

परवा पुन्हा सोमवार आहे. मी म्हटलं, चल, या वेळी मी येते सोबत, मागे बसते.

दादाने अंगणातल्या स्कूटरकडे पाहिलं.

"मागं जागा नाही, अपर्णा," तो म्हणाला.