शिशाचा एप्रन

ही गोष्ट माझ्या साडूंची, विद्याधरांची. ते थाप मारत असतील असं कुणाला वाटलं, तर एवढंच सांगतो... संरक्षण कारखान्याच्या स्टोअर्समध्ये छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे एवढी कल्पनाशक्ती उरत नाही.

आणि भुतांना रात्रच लागते, हेही खरं नाही. हे घडलं गेल्या मंगळवारी. सकाळी साडेनऊला. चेन्नईत, तांबरमजवळच्या एका इस्पितळात.

दोन महिने विद्याधरांचा घास छातीत अडकत होता. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. भाऊ राहिला नाही. त्यामुळे त्या आजाराचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

तपासणी फ्लुरोस्कोपीची. म्हणजे चालता एक्स-रे. पांढरं औषध प्यायचं, ते उतरताना पडद्यावर दिसतं. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं. जानवं चालतं, साखळी-अंगठी चालत नाही. विद्याधरांनी सगळं पाळलं. माझी मेहुणी क्षमा गुडघ्यामुळे घरीच होती, म्हणून एकटेच गेले.

आत अंधार. काचेपलीकडे तंत्रज्ञ वेंकट.

विद्याधर औषधाचा पेला धरून उभे राहिले. तेवढ्यात...

खांद्यावर हात आला.

"भियाचं नको. मी आहें."

तंजावरकडची जुनी मराठी, तमिळ हेलाची. बाईंच्या तोंडाला मास्क, अंगात एक्स-रे अडवणारा शिशाचा जड एप्रन. नर्स मराठी निघाली याचा विद्याधरांना इतका आनंद झाला, की त्यांनी तो हात घट्ट धरला.

हात गार होता. पण एसीच्या खोलीत कुणाचा नसतो?

"गिळा, सार," स्पीकरमधून वेंकट म्हणाला.

गिळलं.

बाई वाकल्या. विद्याधरांच्या छातीला कान लावला. आत कुणीतरी बोलतंय, ते ऐकावं तसा...

दिवे लागले. हातातला हात नव्हता.

दार वाजलं नव्हतं. खुंटीवरचा एप्रन मात्र हलत होता.

वेंकट आत आला. "तुमच्या बाई कुठे गेल्या, सार?"

"माझ्या? तुमची नर्स ना ती?"

"आज नर्स आलीच नाही. तुमच्या भाषेत बोलत होत्या, म्हणून मी घरच्याच समजलो."



मग वेंकटने चित्रण लावलं. विद्याधरांच्या बोटांची हाडं कशावर तरी घट्ट मिटलेली. मुठीत...

काही नाही.

छातीवर वाकलेल्या एप्रनचा काळा आकार. वर मान नाही. डोकं नाही.

आणि घास जिथे अडकतो, नेमकी तीच जागा एप्रनने झाकलेली.

"परत करावी लागेल," वेंकट म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो रजेवर आहे.

नवी तारीख शुक्रवारची. काल, बुधवारी, क्षमाने इस्पितळात फोन करून सांगितलं, "या खेपेला मी यांच्याबरोबर आत थांबणार."

"आत एकालाच सोडतो, मॅडम," काउंटरवरची मुलगी अदबीने म्हणाली. "आणि तुमच्याकडच्या बाई येऊन बसल्यात."

दुसरं इस्पितळ बघायचं होतं. पण आज सकाळपासून साडूंच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नाहीये. दुसरीकडे तारीख मिळते ती थेट पंधरा दिवसांनी.

उद्या तिथेच जायचंय. मीही जातोय.

दारापर्यंत.