चुलीतला डावा पाय

“अगं थांब! थांब म्हणते ना! तो पाय चुलीत घालू नकोस गं...!”

थोरली ओरडली, पण तोवर धाकटीनं पाय जाळात सरकवलाही होता, आणि काय होतंय ते कळायच्या आत थोरलीनं आपला उजवा हात मनगटाच्याही वरपर्यंत चुलीत घातला!

घाबरू नका, पाय लाकडाचा होता. हात मात्र खरा होता.

जोडे शिवणाऱ्यांचं घर ते. गिऱ्हाइकाच्या पावलाबरहुकूम लाकडी साचा करायचा, त्यावर चामडं ताणायचं, आणि त्या साच्याला घरात सगळे ‘पाय’च म्हणायचे. भिंतभर खिळ्यांना पायच पाय लटकलेले! नवा माणूस दारातच दचकायचा. बाबा होते तोवर त्याला हसवून आत घ्यायचे. बाबा थापाडे नंबर एक! म्हणायचे, पहिलवानाचे बूट मी असे करकरीत शिवलेत की तो घरातून निघाला की पुढच्या चौकातली कुत्री आपापल्या घरी जातात. पण एका बाबतीत बाबा कधी थट्टा करायचे नाहीत. माणूस जिवंत आहे तोवर त्याचे पाय खिळ्यावर. माणूस गेलं की त्याचे पाय सरसाच्या चुलीत, आणि त्या आचेवर वितळलेल्या सरसानं कुणातरी जित्याजागत्या माणसाचा जोडा चिकटवायचा. “त्याचं चालणं संपलं, ह्याचं चालू दे,” एवढंच म्हणायचे आणि नाक पुसायचे.

आई धाकटीला जन्म देऊन गेली, बाबा ती शाळेत जायच्या आधी गेले. थोरलीच्या पदरात दोन गोष्टी पडल्या... हे दुकान, आणि एका पायानं अधू असलेली ही पोर. डावा पाय आखूड. गल्लीतली कार्टी तिच्यामागून लंगडत चालायची, खदाखदा हसायची. एक दिवस पोर कोपऱ्यात तोंड घालून म्हणाली, “ताई, मला बाहेर नाही जायचं. कध्धीच नाही.” थोरलीच्या काळजात आरी घुसली!

थोरलीनं पोरीचं नाव भिंगरी ठेवलं आणि नवे बूट शिवले. दिसायला दोन्ही सारखे, पण डाव्याच्या पोटात टाचेखाली उंचवटा, असा बेमालूम दडवलेला की घालणारीलाही पत्ता लागू नये. घरात घालायच्या सपातासुद्धा तशाच, अनवाणी पाऊल म्हणून टाकू द्यायची नाही. वर पोरीला सांगितलं, “भिंगरे, रोज सकाळी आरशासमोर उभी राहा आणि म्हण, मी सरळ चालते. मनापासून म्हण हं! मनानं घेतलं की पाय ऐकतो.”

पोरीनं मनापासून म्हटलं. आणि सरळ चालली! पळाली! गल्ली बघत राहिली!

पण पोर वाढत होती, पाय वाढत होते, दोन पायांच्या लांबीतला फरक वाढत होता. सारखा नवा उंचवटा, नवे जोडे. शेजारचा घड्याळजी थोरलीच्या होकाराची वाट बघत होता, स्वभावानं लोण्यासारखा, फक्त त्याला दुसऱ्या शहरात दुकान काढायचं होतं. “धाकटीला घेऊन चल की,” म्हणाला बिचारा. पण ही चूल, ही भिंत, हे गुपित... ते उचलून कसं न्यायचं? शेवटी तो एकटाच गेला. थोरली त्या दिवशी दिवसभर टाचा ठोकत बसली, कारण ठोकताना रडलेलं ऐकू येत नाही.

आणि भिंगरी? भिंगरी मोठी झाली आणि लोकांना समाधानानं कसं जगावं ते शिकवायला लागली! मोठाली सभागृहं, हातात माईक. “नको असलेलं टाकून द्या! नाही म्हणायला शिका! रोज थोडं स्वतःसाठी जगा!” आणि शेवटी डोळे भरून, “मी लंगडी होते. माझ्या ताईनं मला आरशासमोर उभं केलं. इच्छा खरी असेल तर पायसुद्धा ऐकतात!” टाळ्यांनी छत खाली यायचं.

थोरली पहिल्या रांगेत बसायची, गिऱ्हाइकानं टाकलेले, पुढून आवळणारे बूट घालून. अभिमानानं ऊर भरून यायचा... आणि त्याच उरात काहीतरी टोचायचंही.

आदल्याच दिवशी बेकरीत काम करणारी एक पोरगी दुकानात आली होती. लंगडत. “भिंगरीबाईंची ताई ना तुम्ही? मी दोन्ही वेळ म्हणते हो आरशासमोर... माझा पाय काही ऐकत नाही. माझीच इच्छा खोटी असेल, नाही का?” तिचे हात अजून पिठानं माखलेले होते. थोरलीनं तिला नुसतं पाणी दिलं. रात्रभर त्या पाण्याची तिला लाज वाटली.

आणि आज सकाळी भिंगरी हजर! ताईचे डोळे अधू झालेले, हात कापायला लागलेले. “ताई, पुरे झालं आता. दुकान बंद. माझ्या घरी चल, ऊन खात बस, बागेत फिर, स्वतःसाठी जग!” आणि पदर खोचून आवराआवर सुरू. माळ्यावर फडक्यात गुंडाळलेली लाकडी पायांची एक जोडी सापडली. बाकी प्रत्येक पायावर नाव लिहिलेलं. ह्यावर नाव नाही, गाव नाही, आणि दोन पाय एकमेकांसारखेही नाहीत.

“हे कुणाचे गं? कधीच गेलं असेल हे माणूस. बाबांच्या रीतीनं निरोप देऊन टाकू,” म्हणाली, आणि डावा पाय चुलीत सरकवला.

आता थोरलीच्या मांडीवर तो काळा पडलेला पाय होता, आणि भिंगरी रडत रडत तिच्या हातावर गार पाणी ओतत होती. “वेडी आहेस का गं ताई? एका मेलेल्या गिऱ्हाइकासाठी...?”

“मेलेलं नाही गं.” थोरली म्हणाली. अजूनही खोटं बोलता आलं असतं. पण डोळ्यांपुढे ते पिठानं माखलेले हात आले. “भिंगरे... जोडे काढ. दारापर्यंत चालून ये.”

“आत्ता? डॉक्टरकडे जायचं सोडून?”

“चाल म्हणते ना.”

भिंगरी उठली. अनवाणी चालली. धप्... आणि सरकल्यासारखं एक पाऊल. धप्... आणि सरकल्यासारखं. दाराशी थांबली. तिनं खाली पाहिलं. मग परत येऊन आपला डावा बूट उचलला, त्याच्या आत बोटं घातली, आणि टाचेखालचा दडवलेला उंचवटा चाचपला.

“आणि मी लोकांना सांगत फिरले... ज्यांचा पाय ऐकत नाही त्यांची इच्छा कच्ची! तू समोर बसून ऐकत होतीस ताई! टाळ्या वाजवत होतीस! एकदा तरी बोलायचंस!”

“तू पळायचीस ना गं... ते बघितलं की मला बाकी काही सुचायचंच नाही.”

“मला खोटी केलीस तू! सगळ्या जगापुढे खोटी!”

डॉक्टरला निरोप धाडला तिनं, पण स्वतः थांबली नाही. अनवाणीच रस्त्यावर गेली. धप्... सर... धप्... सर... थोरलीचा कान तिखट, तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत तिला ऐकू आला.

हात बरा झाला, पण बोटं आत वळून राहिली. आरी धरवेना. जिच्या हाताखालून अर्ध्या गावाचे पाय गेले, ती बाई दुकानात रिकाम्या मांडीनं बसायला लागली. ताप यायचा, जायचा. भिंगरीची भाषणं बंद पडल्याचं गिऱ्हाइकांकडून कळलं, ती मात्र आली नाही.

आली ती थंडी सरता सरता. धप्... सर... दारात उभी राहिली. बरोबर बेकरीतली पोरगी.

“हिचं माप घेतलंय मी,” जमिनीकडे बघत भिंगरी म्हणाली. “हिच्या पायाला हात लावून माफी मागितली. आता पुढचं मला येत नाही. शिकव.”

तिनं चामडं कापायची रापी उचलली. “रापी अशी धरतात होय गं? भाजी चिरायची आहे का?” एवढंच थोरली म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की बेकरीतल्या पोरीनंच शेवटी चहा केला.

मग ताईचं तोंड आणि भिंगरीचे हात असं दुकान चाललं. एक दिवस भिंतीकडे बघता बघता भिंगरीनं विचारलं, “ताई, तुझे पाय कुठल्या खिळ्यावर?”

“माझे? बाबांनी केले होते की सुरेख. तुझ्यासाठी चांगलं लाकूड नव्हतं, मग माझेच तासून तुझे केले.” आणि हसून, “एक भाजलास, एक तेवढा शिल्लक आहे बघ.”

त्याच दुपारी भिंगरीनं ताईची पावलं मांडीवर घेतली, आयुष्यात पहिल्यांदा. टाचांना भेगा, बोटं दुसऱ्यांच्या बुटात दुमडून दुमडून वाकडी झालेली. मिळेल ते लाकूड आणून तिनं ताईचे पाय कोरायला घेतले. पहिला बूट झाला. बेढब, तिरक्या टाक्यांचा.

“चावतोय गं मेला!” ताई अंथरुणातून म्हणाली, पण काढू देईना. दुसरा शिवून होत आला होता, तेव्हा ताप पुन्हा चढला आणि उतरलाच नाही. एका पायात नवा बूट घालून ताई गेली.

रीत ती रीत. भिंगरीनं ते नवे लाकडी पाय चुलीत ठेवले. लाकूड अजून ओलं होतं, पेट घेईना. धूरच धूर झाला. ती फुंकर घालत राहिली, डोळे पुशीत राहिली. शेवटी आच धरली, वर सरस वितळला, आणि समोर बसलेल्या बेकरीतल्या पोरीच्या बुटात, डाव्या टाचेखाली, भिंगरीनं उंचवटा चिकटवला.

“जरा दाबून धर,” ती म्हणाली. “वाळेपर्यंत सोडायचा नाही.”