मंगळवारचे दोन

लॅबमधून तो आला होता आजोबांचं रक्त तपासणीला न्यायला, आणि दार उघडलं मावशीने. डाव्या हातात कात्री, केसांत अडकलेला दोरा… उजवा हात तिने छातीशी धरला होता, तान्ह्या बाळाला धरतात तसा.

"फार दुखतोय का?" त्याने विचारलं.

बस्स, एवढंच! पण असं तिला वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. मावशी कपडे शिवते. मनगटाची नस दुखावल्यापासून तिच्या बोटांतून विस्तव धावतो, आणि डॉक्टर म्हणाले होते, मनाचे खेळ.

मग तो दर मंगळवारी येऊ लागला. आजोबांची सुई अर्ध्या मिनिटात उरकायची, गप्पा मात्र… जाऊ दे. त्यानेच मावशीला वही ठेवायला लावलं. रोजच्या दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे, पाळीच्या तारखाही लिहायच्या. हार्मोन्स खालीवर झाली की नसा जास्त चिडू शकतात, काही एन्झाइम दुखण्याचा निरोप आणखी मोठ्याने पोचवत असतील, असं तो समजावायचा. मावशी त्याच्या भुवयांकडे बघत ऐकायची आणि मी तिच्याकडे बघायचे!

तीन महिन्यांनी, वही डॉक्टरांना दाखवायच्या आदल्या दिवशी, तो ती उघडून बसला. पाळीच्या आधी आठ, नऊ. नंतर पाच, सहा. अगदी त्याला वाटलं होतं तसंच. पण मध्येच दोन. पुन्हा दोन.

"मंगळवारी तुम्ही वेगळं काय खाता?" त्याने गंभीरपणे विचारलं.

मला ठसकाच लागला. मावशी लालेलाल. त्याचं आपलं चालूच — कुठलंच हार्मोन वार बघून चालत नाही, हे दोन असे राहिले तर डॉक्टर पुन्हा मनाचे खेळ म्हणतील, पुढच्या तपासण्या लिहून देणारच नाहीत.

गप्प राहून लाज वाचली असती, पण हाताचं काय?

"मंगळवार वगळा," ती हळूच म्हणाली. "दुखतं तेवढंच हो. फक्त… माझं लक्ष नसतं तिकडे."

"मग कुठे असतं?"

मावशीची नजर पुन्हा त्याच्या भुवयांवर गेली. एकदम त्याचे कान पेटले. त्याने वहीत तोंड खुपसलं.

"कारण लिहावं लागेल," तो पुटपुटला. "काय लिहू?"

तिने दुखऱ्या हाताने पेन ओढून घेतलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं — तुम्ही.

"अहो, उद्या डॉक्टर वाचतील…"

"वाचू देत."