राहण्याचा पत्ता

कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेर टेबल मांडून ती मतदार नोंदणीचे अर्ज भरून घेत होती. मैत्रिणी तिला ‘मुकादम’ म्हणत. तिच्या तावडीतून कोणी सुटत नसे. त्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण समोरून चालला होता. तिने त्यालाच अडवलं.

“मतदार यादीत नाव आहे?”

“मी फोटो काढायला आलोय. प्राचार्यांनी बोलावलंय.”

“ते कुठे विचारलं? वय?”

“चोवीस. पण यादीत नाव नाही.”

“आणि अजून एकदाही मत दिलं नाही?”

तो ओशाळून हसला. गालावर बारीकशी खळी पडली… आणि मुकादमबाई अर्जावर तारीखच चुकल्या.

‘राहण्याचा पत्ता’ या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं. आईवडील नव्हते, सहा वर्षांत पाच खोल्या झाल्या होत्या, आणि आताच्या घरमालकीणबाई भाडेकरारावर सही करत नव्हत्या; मग पत्त्याचा पुरावा आणणार कुठून?

“राहू द्या हो. माझ्या एका मताने कुठे आभाळ कोसळणार आहे?”

“आभाळाचं मला माहीत नाही. पण तुम्ही या गावात राहता, हे कुठेतरी लिहिलेलं नको?”

त्याचं हसू मावळलं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. ज्यांच्याकडे अर्जाला लावायला फोटो नसे, त्यांचे फोटो काढून द्यायचा.

“ज्याचा फोटो काढायचा, तो मुलगा तिकडे उभा आहे,” ती अर्जातून मान न काढता म्हणायची.

“हो, पण उजेड इकडे छान पडलाय…”

बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. तीनशे अर्ज पोचते झाले होते. त्याचा तेवढा अडकला होता. तिने टेबल मैत्रिणीवर सोपवलं आणि त्याला घेऊन थेट घरमालकीणबाईंचा जिना चढली.

“सही दिली की लोक खोली बळकावतात,” बाई दारातूनच म्हणाल्या. “एकदा हात पोळलेत माझे.”

“काकू, सही मतासाठी हवी आहे, खोलीसाठी नाही. तसं लिहून घ्या. साक्षीदार म्हणून मी सही करते.”

“आणि तू गं याची कोण?”

तो पायाकडे बघू लागला. तिने मात्र बाईंच्या नजरेला नजर दिली.

“अजून कोणी नाही… पण व्हायचंय.”

बाईंनी दोघांना आळीपाळीने न्याहाळलं. मग आत वळून म्हणाल्या, “थांबा, चष्मा आणते.”

निवडणूक कचेरी बंद व्हायला पाच मिनिटं असताना पोचपावतीवर शिक्का बसला. बाहेर फुटपाथवर तो थबकला.

“मघाशी बोललीस ते… सहीसाठी?”

पहिल्यांदाच तो ‘तू’वर आला होता.

“सहीसाठी मी खोटं बोलत नाही.”

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी?”

“आता विचारतो—” तो म्हणाला खरा, पण पुढे शब्दच फुटेना. कॅमेऱ्याचा पट्टा नुसता पिळत राहिला.

तिने भर रस्त्यात त्याचा हात धरला.

“उत्तर ‘हो’ आहे,” ती म्हणाली. “प्रश्न सावकाश विचार.”