आजीच्या सीडी प्लेअरची घरघर

“आबा, पहिलं गाणं लागताना प्लेअर घरघरतो आणि सीडी संपत आली की गप्प होतो. असं का?”

शलाकाचा प्रश्न ऐकून आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. विमानांच्या इंजिनांची थरथर कमी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता समोर होता आजीचा जुना सीडी प्लेअर. गेल्या दिवाळीत आजीनं आपली गाणी हट्टानं सीडीवरच उतरवून घेतली होती. पहिल्या गाण्याआधी ती हळूच काहीतरी बोलली होती, पण ते शब्द घरघरीत बुडून जात. उन्हाळ्यात आजी गेली. शलाकाला ते शब्द ऐकायचे होते.

“मी सीडी वाचून माझ्या पोटातून वाजवतो की,” खटपट्या म्हणाला. खटपट्या म्हणजे घरातला रोबो.

“तुझ्या पोटातून कुकरच्या शिट्ट्याही निघतात. तिचं गाणं तिच्याच प्लेअरवर ऐकायचं,” आबा म्हणाले. “शलाका, तू या स्टुलाभोवती फिर. खटपट्या, तू जेवणाच्या टेबलाभोवती. चाल मात्र दोघांची सारखी.”

खटपट्याच्या दोन फेऱ्या होईपर्यंत शलाकाच्या पाच झाल्या आणि ती गरगरून खाली बसली.

“मी हरलो का?” खटपट्यानं विचारलं.

“नाही रे. तुझं वर्तुळ मोठं आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि वाचणाऱ्या किरणासमोरून माहिती एकाच चालीनं सरकावी लागते. आत वर्तुळ लहान, म्हणून सीडी भरभर फिरते, मिनिटाला सुमारे पाचशे फेरे. कडेशी दोनशे पुरतात.”

“पण भरभर फिरली म्हणून घरघर कशाला?”

“फिरणारी वस्तू जराशी कलती असली की डुगडुगते. त्यातून कंप (वेगानं होणारी बारीक थरथर) निघतो. वेग जास्त, तसा कंप जास्त. तो प्लेअर ठेवलेल्या फळीत उतरतो. मग अख्खी फळी हवा हलवते आणि आवाज मोठा होतो.”

शलाका धावत गेली आणि आपली खोडरबरं घेऊन आली. प्लेअरच्या प्रत्येक कोपऱ्याखाली एकेक सरकवलं. घरघर बरीच उतरली, पण आजीचे शब्द अजूनही कळेनात.

“शाब्बास! हे अवमंदन (कंपाची ऊर्जा शोषून त्याला विझवणं). थरथरीची वाट तू अडवलीस. आता मूळ शोधू.”

खटपट्यानं झाकण उघडून आपलं कॅमेऱ्याचं बोट आत घातलं. “सीडीच्या बैठकीवर एका बाजूला सुकलेला थर आहे. चंदन.”

दसऱ्याला आजी घरातल्या सगळ्या यंत्रांना गंध लावायची. मिक्सर, शिलाई मशीन, खटपट्याचं कपाळसुद्धा. बाहेरचं गंध फडक्यानं पुसलं जातं, म्हणून प्लेअरला तिनं आतून लावलं होतं. त्या थरावर सीडी एका अंगानं कलत होती.

खटपट्यानं चित्र मोठं करून दाखवलं. गंधात आजीच्या बोटाच्या रेषा उमटलेल्या होत्या.

“नका पुसू, आबा,” शलाका म्हणाली. “नाही ऐकू आलं तरी चालेल मला.”

आबा त्या रेषांवर वाकले. मग म्हणाले, “हे तिनं कशासाठी लावलं होतं?”

“प्लेअर नीट चालावा म्हणून.”

आबांनी ओलं फडकं शलाकाच्या हातात दिलं. तिनं हलक्या हातानं बैठक पुसली, कोरडी केली, सीडी ठेवली आणि बटण दाबलं.

खोलीत शांतता. मग आजीचा श्वास. मग आजी: “लागलं का हो? बघा नीट, नाहीतर मी आपली वेड्यासारखी गात बसायची.”

“लागलं,” आबा म्हणाले. गाणं सुरू झालं.

गाणं संपलं. मग शलाकानं विचारलं, “दवाखान्यात आजीच्या उशाशी ते श्वासाचं यंत्र होतं ना, ते किती घरघरायचं. तिला झोप लागायची नाही. तेही शांत करता येईल?”

“येईल,” आबा म्हणाले. “पण आधी त्याच्याजवळ बसून, कान देऊन ऐकावं लागेल.”

“मी बसेन,” शलाका म्हणाली.