टेबलाची कड

आई गेल्यावर घर रिकामं करायचं ठरलं आणि बहीण-भावाचं एकाच वस्तूवर घोडं अडलं. आईचं शिवणकामाचं टेबल.

"मी नेतो ताई," भाऊ म्हणाला, "पण असं कळकट नको. बायको दारातूनच परत पाठवेल. टेबलाला आणि मलाही."

"मी करून देते नवं."

तिला हाताला काम हवंच होतं. आई गेल्यापासून ताईच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. भुलीचं इंजेक्शन द्यावं आणि ते उतरूच नये, तसं आत काहीतरी बधिर होऊन बसलं होतं.

हार्डवेअरवाल्याने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. "आधी हा खरखरीत पॅड, मग हे स्टील वूल. दिसतं लोकरीसारखं, पण आहे लोखंडाची तार. लाकडाच्या रेषेरेषेनेच घासा, बाई. आडवा हात मारलात तर ओरखडे उठतील."

मागच्या खोलीत खिडकीशी टेबल ओढून ती कामाला लागली. जुनं पॉलिश काळ्या भुकटीसारखं सुटत होतं. एका कोपऱ्यावरचा डाग मात्र हटेना. लहानपणी भाऊ धावत येऊन तिथेच आपटला होता. केवढं रक्त आलं होतं! भुवईवर टाके पडले होते, तिथे पुढे केस उगवलेच नाहीत. ताईने पॅड दाबून धरला आणि घासत राहिली. डाग गेला.

थोड्या वेळाने भाऊ चहा घेऊन आला. ताई त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुझ्या भुवईवरची खूण कुठे गेली रे?"

"कसली खूण?"

"टाके पडले होते ना तुला! या कोपऱ्यावर आपटून."

"मला? काहीतरीच काय बोलतेस!" तो हसला.

तिने अंगठा फिरवून पाहिला. भुवई दाट होती, सलग. खरं तर हातातला कप पडायला हवा होता. तिने चहा पिऊन टाकला.

आता राहिली होती औषधाच्या बाटल्यांची वर्तुळं. एकात एक अडकलेली, चिकट. आईचं शेवटचं वर्ष या टेबलाशेजारच्या खाटेवर गेलं होतं. भाऊच तिला कुशीवर वळवायचा. त्यात त्याची पाठ कायमची धरली होती.

ताईचा हात क्षणभर थबकला. मग तिने स्टील वूलचा बोळा उचलला, आणि या वेळी समजून-उमजून घासलं.

शेवटचं वर्तुळ पुसट होत नाहीसं झालं. तेवढ्यात भाऊ खोकी उचलून ताठ चालत आला.

"एक बरं झालं ताई. आई अंथरुणाला खिळली नाही. जेवून आडवी झाली आणि झोपेतच गेली."

"हो," ताई म्हणाली.

त्याचा चेहरा किती मोकळा दिसत होता.

"दमलीस तू. दे इकडे, ही कड मी घासतो." त्याने बोळा घेतला आणि खाली वाकला. "हे काय? उंदराने कुरतडलंय की काय?"

ताईने वाकून पाहिलं. कडेला बारीक दातांच्या खुणा होत्या, एका ओळीत. आई सांगायची, तुला दात येत होते ना, तेव्हा याच कडेला धरून उभी राहायचीस आणि लाकूड चावत बसायचीस.

"थांब," ती म्हणाली.

तार लाकडावर करकरत होती.

"अरे, थांब ना."

त्याने मान वर केली नाही.

मग भुकटी फुंकून त्याने कडेवरून बोट फिरवलं. खिशातला फोन वाजला.

"हो गं, झालं. एकट्यानेच केलं, दुसरं कोण आहे मदतीला?"

तिच्या अगदी पुढ्यातून हात घालून त्याने खिडकी लावली, कडी घातली. दिवा मालवला.

ताईने कडेला हात लावला. गुळगुळीत होती.

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं.