शेवट ऐकायचा राहिला

दिवा जरा अलीकडे घ्या, मला हे अंधारात सांगवत नाही.

मी शिकवणीची बाई. माझी एक विद्यार्थिनी पाय मोडून इस्पितळात पडली होती आणि परीक्षा तर तोंडावर आलेली. म्हणून रोज दुपारी मी तिच्या खाटेशी बसून कादंबरी शिकवायचे. कादंबरीतल्या शहरात सरकार माणसं उचलून नेतं. मग शेजाऱ्यांनी त्या घराची बेल काढून टाकायची आणि असं कोणी नव्हतंच म्हणायचं. एक आई मात्र आपल्या मुलीला शोधत राहते. कथानक, पात्रं, प्रतीकं, सगळं मी घोटून घेत होते.

शेजारच्या खाटेवरच्या आजी कान देऊन ऐकायच्या. त्यांची स्वतःची मुलगी भांडून निघून गेलेली, कित्येक वर्षं पत्ता नाही. रोज विचारायच्या, "सापडली का हो पोरगी?"

"शेवटी कळेल, आजी."

माझी एक पद्धत होती. मुलांनी आधी आपल्या मनाने शेवट लिहायचा, मगच मी शेवटचं प्रकरण वाचणार. आमच्या विद्यार्थिनीबाई लिहायला अळंटळं करत राहिल्या आणि एके दिवशी पहाटे आजी गेल्या.

त्या दुपारी त्यांच्या खाटेवर धुतलेली चादर होती. फिनेलचा वास येत होता. नर्सला बोलवायच्या खाटेवरच्या बेलची वायर काढून उशाशी गुंडाळून ठेवलेली. मी पुस्तक उघडलं आणि तीच बेल वाजली.

बेल थांबेना.

"बाई... त्यांना शेवट ऐकायचाय," माझी विद्यार्थिनी कुजबुजली.

भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त दया आली. मी म्हटलं, "सापडली हो, आजी. घरी आली पोरगी."

बेल वाजतच राहिली.

"खोटं नको, बाई... वाचा," ती म्हणाली.

मग जे छापलं होतं तेच वाचलं. आई म्हातारी होते. काढलेली बेल स्वतःच्या हातांनी दाराला परत लावते आणि आत बसून राहते. ती बेल कोणीच वाजवत नाही.

शेवटची ओळ संपली तशी खाटेवरची बेल थांबली. आम्ही दोघी रडत होतो.

तेवढ्यात दारात एक बाई धापा टाकत आली. तोंडवळा थेट आजींचा.

"आई कुठाय माझी? इतक्या वर्षांनी आज दुपारी तिचा फोन आला... म्हणाली, शेवटचं प्रकरण सुरू झालंय, लवकर ये."